मोजक्या मेमरीतले खेळ : प्रस्तावना

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याची डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरची भारतीय आवृत्ती परवाना घेऊन विकत होती. 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे त्या कॉम्प्युटरचं नाव. तो घरच्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची आणि गेम मेमरीत उतरेपर्यंत तो चिरका आवाज ऐकत बसायचं. आत झेड-८० प्रोसेसर, सेकंदाला साधारण ३५ लाख ठोक्यांचा, आणि मेमरी ४८ किलोबाइट. त्यातले ६,९१२ बाइट नुसत्या पडद्यावरच्या चित्राला लागायचे. गेमचा नकाशा, शत्रू, आवाज, गुण, नियम, सगळं उरलेल्या जागेत बसवायचं.

रंगांचं प्रकरण याहून बिकट होतं. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग देता येत नसे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनाला मिळून दोनच रंग. लाल सदऱ्यातलं पात्र हिरव्या झाडापुढून गेलं की झाडाचा तेवढा तुकडाही लाल व्हायचा. प्रोग्रामर कितीही हुशार असला तरी हा दोष मुळातून काढता येत नव्हता. मग काहींनी पात्रंच चौकोनांच्या हिशेबाने हलवली. 'अल्टिमेट' या कंपनीने १९८४ च्या 'नाइट लोर'मध्ये एका वेळी खोलीभर एकच रंग वापरला आणि सगळं बळ त्रिमितीच्या आभासावर लावलं. रंगांवर पाणी सोडल्याबरोबर भिंती, ठोकळे, पायऱ्या यांना घनता आली. तिरप्या कोनातून दिसणाऱ्या त्या खोल्यांचा नमुना पुढे कितीतरी जणांनी उचलला.

यंत्र नाही म्हणतं तेव्हा प्रोग्रामर काय करतो आणि त्याच्या उमेदीचं काय होतं, हा या संग्रहाचा विषय आहे. प्रश्नाच्या पहिल्या भागावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसऱ्या भागावर कमी, आणि बंगळुरू, पुणे, मुंबईत बसून गेम लिहिणाऱ्यांच्या अनुभवातून तर फारच कमी. या पुस्तकाची गरज मला तिथे दिसते.

नव्या वाचकासाठी आधी थोडी जमीन दाखवायला हवी. गेम हा सतत चालू राहणारा प्रोग्राम असतो. बँकेच्या प्रोग्रामने उत्तर द्यायला दोन सेकंद जास्त घेतले तर ग्राहक थोडा चडफडतो, पण हिशेब बरोबर असतो. गेमला ही सवलत नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची ठरवली तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण वाचायचं, पात्रं हलवायची, कोण कोणावर आदळलं ते तपासायचं, चित्र काढायचं, आवाज द्यायचा. हे काम १७ मिलिसेकंदांवर गेलं की हालचाल अडखळते, आणि खेळणाऱ्याच्या बोटांना ते डोळ्यांच्याही आधी कळतं. वेळ ही पहिली मर्यादा. मेमरी ही दुसरी. त्यानंतर पडद्याचा आकार, बटणांची संख्या, बॅटरी, तापणारी चिप, तुटक नेटवर्क. आपल्याकडे विजेचाही यात समावेश करावा लागतो. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या ज्या मुलांनी घरी प्रोग्रामिंग केलं, त्यांना दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करायची सवय कुणी शिकवावी लागली नाही.

या मर्यादांचा इतिहास १९७० च्या दशकापासून सुरू होतो. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये रॅम १२८ बाइट होती. किलोबाइट नव्हे, बाइट. या परिच्छेदातली अक्षरंसुद्धा तीत मावणार नाहीत. पूर्ण चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीची किरणशलाका पडद्यावर एकेक रेघ ओढत असताना प्रोग्रामर त्याच क्षणी पुढच्या रेघेचा मजकूर तयार करत असे. याच यंत्रावर डेव्हिड क्रेनने १९८२ मध्ये 'पिटफॉल' लिहिला. त्यातली जंगलाची २५५ दृश्यं कुठेही साठवलेली नाहीत. एका बाइटमधल्या आकड्यावर ठरावीक क्रिया केली की पुढचा आकडा मिळतो, उलटी क्रिया केली की मागचा, आणि त्या आकड्याच्या बिटांवरून झाड कुठे, खड्डा कुठे, मगरी कुठे हे ठरतं. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादोने १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला तेव्हा प्रोसेसरला सगळे परग्रहवासी एकदम झपाट्याने हलवणं झेपत नव्हतं. जसजसे ते मारले जात, तसतसं काम कमी होऊन उरलेले वेगाने सरकत. निशिकादोने तो परिणाम दुरुस्त न करता गेममध्ये राहू दिला. शेवटचे चारदोन शत्रू अंगावर धावून येताना वाटणारी धास्ती त्यातूनच आली.

ब्रिटनमध्ये १९८४ साली इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन यांनी ३२ केबीच्या बीबीसी मायक्रोवर 'एलिट' लिहिला. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहाचं नाव, अर्थव्यवस्था, राज्यपद्धती, सगळं मोजक्या बीज-आकड्यांमधून गणिताने उगवलेलं. हे गणित याहून कितीतरी जास्त आकाशगंगा देऊ शकत होतं. प्रकाशकांच्या सल्ल्याने त्या आठवर आणल्या, कारण फार मोठा आकडा दिला की खेळणाऱ्याला त्यातला एकसारखेपणा जाणवला असता. हाच बीबीसी मायक्रो १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या निवडक शाळांमध्ये पोचला होता. तेच यंत्र, तीच मेमरी. इथल्या वाचकासाठी ही महत्त्वाची बाब आहे. त्या काळात केंब्रिजच्या या दोन विद्यार्थ्यांपुढे आणि आपल्या शाळकरी मुलापुढे यंत्राची भिंत एकाच उंचीची होती. फरक पुस्तकांचा, मासिकांचा, यंत्रासमोर बसायला मिळणाऱ्या तासांचा आणि सोबतीचा होता.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची हकिगत मी जरा सविस्तर सांगतो, कारण निर्मिती आणि उमेद या दोन्ही गोष्टी तिच्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हा गेम कितीतरी मुलांनी खेळला. मूळ गेम १९८९ मध्ये अॅपल टू वर आला. जॉर्डन मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना, कड्याला लोंबकळताना चित्रित केलं आणि त्या फिल्मवरून एकेक चित्र उतरवून राजपुत्राची हालचाल तयार केली. पात्र असं जिवंत झालं की तोवर कुणी तसं पाहिलं नव्हतं, पण या चित्रांनी मेमरी गिळून टाकली. लढायला दुसरा माणूस आणावा तर त्याच्या चित्रांना जागा नाही. टोमी पिअर्स ही सहकारी त्याला सांगत राहिली की लढाईवाचून गेममध्ये जीव नाही. मेक्नरच्या त्या काळातल्या डायऱ्या पुढे प्रसिद्ध झाल्या आहेत. गेम सोडून पटकथालेखनाकडे जावं का, ही ओढाताण त्यांत पानोपानी दिसते.

मग वाट सापडली. राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून त्याच चित्राशी एक्स-ऑर केलं, म्हणजे दोन्हींत वेगळे पडणारे ठिपके तेवढे ठेवले, की एक लखलखती, पोकळ आकृती मिळते. नव्या चित्राला एक बाइटही लागत नाही. आरशातून उडी मारताना राजपुत्राच्या अंगातून सुटणारा आणि पुढे त्याच्या वाटेत आडवा येणारा तो छायापुरुष असा जन्मला. गेमच्या शेवटाकडे तो तलवार घेऊन समोर उभा राहतो. त्याच्यावर वार केला तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान करून त्याच्यात मिसळून जाणं हा एकच मार्ग उरतो. मेमरी भरपूर असती तर तिथे आणखी एक पहारेकरी उभा राहिला असता. ती नव्हती, म्हणून स्वतःशी लढण्याची कल्पना आली. पुढे धडपड करून पहारेकऱ्यांसाठीही जागा निघाली.

असल्या गोष्टी सांगताना एक सावधगिरी मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. ज्यांना वाट सापडली त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत येतात. मेमरी पुरली नाही म्हणून ज्यांनी कॅसेट गुंडाळून ठेवली आणि दुसरी नोकरी धरली, त्यांच्या डायऱ्या छापल्या जात नाहीत. 'टंचाईतून प्रतिभा फुलते' हे वाक्य ज्यांच्याकडे टंचाई नाही अशा लोकांच्या तोंडी मी फार वेळा ऐकलं आहे. या संग्रहाने ते वाक्य जसंच्या तसं स्वीकारलेलं नाही, आणि मला हा त्याचा मोठा गुण वाटतो.

या क्षेत्रात विचारांच्या काही परंपरा आहेत. एक यंत्राच्या हाडापर्यंत उतरणाऱ्यांची. अटारीचे प्रोग्रामर, युरोपातले डेमोसीनवाले, १९९० च्या सुमारास साध्या पीसीवर सरकता पडदा आणणारा जॉन कारमॅक हे या घरातले. २००४ मध्ये जर्मन मंडळींनी '.क्रीगर' हा त्रिमितीतला गेम अवघ्या ९६ केबीत बसवून दाखवला. त्यातला भिंतींचा पोतसुद्धा गेम चालू होताना सूत्रांमधून घडवला जातो. या परंपरेत यंत्राशी झोंबणं हाच आनंद असतो. गेम कधी कधी नावापुरता.

दुसरी परंपरा निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईची. जुनं झालेलं, स्वस्त आणि सगळ्यांना नीट कळलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाच्या मनात न आलेला उपयोग शोधायचा, ही त्याची धारणा. १९८९ चा गेम बॉय चार छटांचा होता, १६० बाय १४४ ठिपक्यांचा. समोरचे प्रतिस्पर्धी रंगीत आणि जास्त ताकदवान होते, पण ते बॅटऱ्या खात. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चाले. योकोईसाठी मर्यादा ही निवड होती, आणि ती त्याने स्वतः केलेली होती.

तिसरी परंपरा अलीकडची आहे. मेमरी मुबलक असताना मुद्दाम कुंपण घालून घेणाऱ्यांची. पिको-८ हे खऱ्या यंत्राशिवायचं काल्पनिक यंत्र जोसेफ व्हाइटने बनवलं. पडदा १२८ बाय १२८, रंग १६, गेमला ३२ केबी आणि कोडलाही मोजून मर्यादा. 'सेलेस्ट' हा पुढे गाजलेला गेम आधी पिको-८ वर चार दिवसांत तयार झाला होता. दरवर्षी भरणाऱ्या 'जेएस१३के' स्पर्धेत पूर्ण गेम १३ केबीत द्यावा लागतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला जसे आधी मांडलेले ठिपके आधार देतात, तसं हे कुंपण नवशिक्याला धीर देतं. कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं, म्हणून सुरुवात करायची भीती वाटत नाही. विद्यापीठांतही याचा अभ्यास होतो. निक मॉन्टफर्ट आणि इयन बोगोस्ट यांनी २००९ मध्ये अटारीवर पुस्तक लिहून 'प्लॅटफॉर्म स्टडीज' या शाखेला वळण दिलं. यंत्राची रचना समजल्याशिवाय त्यावरच्या कलाकृतीचं रसग्रहण अपुरं राहतं, ही त्यांची भूमिका मला पूर्ण पटते.

आता बंगळुरूकडे. या शहराला सॉफ्टवेअरचं शहर म्हणतात, पण हार्डवेअरच्या मर्यादेतून नवं काही काढण्याचा इथला सगळ्यात धाडसी प्रयोग भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांचा होता. स्वामी मनोहर, व्ही. विनय, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून सिम्प्युटर हा स्वस्त, हातात मावणारा कॉम्प्युटर आखला. १९९९ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. २००४ मध्ये पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आणला. लिनक्सवर चालणारं, स्पर्शपडद्याचं हे यंत्र साक्षर-निरक्षर सगळ्यांना वापरता यावं असा हेतू होता. त्यात त्यांनी हालचाल ओळखणारा संवेदक बसवला. यंत्र कलतं करून पान उलटायचं, यंत्र कलतं करूनच गेममधली गोळी घरंगळवायची. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं होती. सिम्प्युटर फारसा विकला गेला नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. पण छोट्या पडद्यावर बटणांना जागा नाही, मग सबंध यंत्रालाच बटण करू, हा विचार बंगळुरूतच झाला होता. इथल्या गेम डिझाइनच्या इतिहासात त्याची नोंद ठळक असायला हवी.

राजेश राव यांनी १९९७ मध्ये बंगळुरूत ध्रुव इंटरॲक्टिव्ह सुरू केली. भारतातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी ती एक. फ्रान्सच्या इन्फोग्रामसाठी 'मिशन: इम्पॉसिबल'च्या पीसी आवृत्तीचं काम तिने घेतलं. पुढे चार्ली चॅप्लिनची प्रतिमा मोबाइल गेममध्ये वापरण्याचे हक्कही मिळवले. त्या काळच्या फोनचा आवाज म्हणजे पिपाणी आणि पडदा म्हणजे टपालाचं तिकीट. अशा जागी न बोलता, नुसत्या चालीवरून ओळखू येणारं पात्र निवडणं ही मला मोठी समज वाटते. ध्रुव २०१६ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझकडे गेली आणि २०१९ मध्ये रॉकस्टारकडे. आज बंगळुरूत जगातल्या सगळ्यात महागड्या गेमांवर काम होतं, त्याची मुळं या धडपडीत आहेत.

पण या शहरातल्या आणि मुंबई-हैदराबादच्याही एका सबंध पिढीला मर्यादा म्हणजे काय ते शिकवलं जावा फोनांनी. साधारण २००३ ते २०१० हा तो काळ. नोकियाच्या सिरीज ४० च्या सुरुवातीच्या फोनांवर गेमची जार फाइल ६४ केबीच्या आत बसवावी लागे. पडदा १२८ बाय १२८. फोनांवरच्या सुरुवातीच्या जावामध्ये अपूर्णांकाचा प्रकारच नव्हता, म्हणून चेंडूची गती पूर्णांकाला २५६ ने गुणून मोजायची, आणि साइन-कोसाइनचे तक्ते आधीच तयार करून ठेवायचे. प्रत्येक पीएनजी चित्राच्या डोक्यावरचे बाइट वाचवायला सगळी चित्रं एकाच पट्टीत चिकटवायची. एकेका क्लासमागे बाइट खर्च होतात, म्हणून पाठ्यपुस्तकातली शिस्त मोडून सगळा प्रोग्राम दोन-तीन क्लासमध्ये कोंबायचा. शेवटी ऑब्फस्केटर चालवून 'मूव्ह प्लेयर'चं नुसतं 'ए' करायचं, की आणखी थोडे बाइट सुटतात.

मी स्वतः त्या काळात बंगळुरूच्या एका स्टुडिओत होतो, त्यामुळे या कामाचे दोन चेहरे मला माहीत आहेत. पहिला चेहरा नवा गेम लिहिण्याचा. ६४ केबीत क्रिकेट बसवायचं ठरलं की अख्खा चमू त्यावर तुटून पडे. क्षेत्ररक्षक नऊ दाखवायचे की तीन, प्रेक्षक हवेत की नुसता त्यांचा आवाज, अशा चर्चा रात्री उशिरापर्यंत दर्शिनी उपाहारगृहातल्या कॉफीवर चालत. कुणी चारशे बाइट वाचवले तर ती दिवसाची बातमी असे. दुसरा चेहरा पोर्टिंगचा. दुसऱ्या देशात आखलेला, तयार झालेला गेम शेकडो हँडसेटवर चालता करायचा. या फोनवर डाव्या बटणाचा आकडा वेगळा, त्या फोनवर आवाज सुरू केला की गेम अडकतो, तिसऱ्यावर मेमरी कागदोपत्री एक आणि प्रत्यक्षात भलतीच. मर्यादा दोन्हीकडे सारख्याच कडक होत्या. तरी पहिल्या कामातून माणसं ताजी होऊन बाहेर येत आणि दुसऱ्यातून कोमेजून. पोर्टिंगवर बसलेले कितीतरी बुद्धिमान तरुण दोन वर्षांत बँकिंग सॉफ्टवेअरकडे निघून गेले, आणि त्यांतले बहुतेक परत आले नाहीत.

हा फरक कशाने पडतो, या प्रश्नाभोवती हा संग्रह फिरतो. माझं उत्तर असं आहे. मर्यादा माणसाला पोसते, पण दोन अटींवर. तिच्या कडा स्पष्ट माहीत असाव्या लागतात, आणि त्या कडांच्या आत काय ठेवायचं, काय टाकायचं हा निर्णय त्याचा स्वतःचा असावा लागतो. स्पेक्ट्रमवर या दोन्ही गोष्टी होत्या. ४८ केबी म्हणजे ४८ केबी, आणि खोलीचा रंग सोडायचा की नाही ते लिहिणाऱ्याच्या हातात. मेक्नरला लढाई बसवायची होती ती त्याच्या स्वतःच्या गेममध्ये. पोर्टिंग करणाऱ्याला यातलं काहीच नव्हतं. कडा रोज नव्या, आणि गेममधला शत्रू काढून टाकायचा अधिकार सातासमुद्रापार. माणूस कंटाळतो तो अडचणीला नाही. अडचणीवर आपलं काही चालत नाही, याला तो कंटाळतो.

तिसरी अट मी बराच काळ घालावी की नाही या विचारात होतो, पण या लेखकांनी ती मला पटवली. मर्यादा सगळ्यांची सारखी असली तर ती हलकी होते. स्पेक्ट्रमच्या काळात मासिकांत छापलेला कोड टाइप करणारा प्रत्येक जण त्याच यंत्रापुढे बसलेला होता. एकाची युक्ती दुसऱ्याच्या कामी येई. आज बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, हुबळीकडून बंगळुरूत शिकायला आलेल्या मुलापुढची अडचण वेगळी आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अनरियल हे गेम बनवायचं साधन उघडायलाच काही मिनिटं जातात, शेडर तयार होताना पंखा घोंगावतो. आणि मोबाइलवर त्याला दिसतात ते मोठ्या स्टुडिओंचे व्हिडिओ. त्याची मर्यादा त्याची एकट्याची आहे, आणि ती तंत्रात सांगता येत नाही, पैशात सांगावी लागते. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर वापरलेली ग्राफिक्स कार्डं बघत फिरणाऱ्या अशा मुलांना मी भेटलो आहे. 'टंचाईने कल्पकता येते' हे त्यांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना सांगण्यासारखं वेगळं काही आहे. आपली मर्यादा स्वतः नव्याने ठरवून घ्या. गोडोसारखं हलकं साधन किंवा पिको-८ घेऊन असा गेम आखा, जो त्या लॅपटॉपवर पूर्ण वेगाने चालेल. मग अडचण पुन्हा आकड्यांत मांडता येते, आणि तिच्याबद्दल मित्राशी बोलता येतं.

भारतातले अलीकडचे यशस्वी गेम बघताना हीच दृष्टी उपयोगी पडते. नवी मुंबईच्या गेमशनचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला. एकच फोन चौघांत फिरवून तो खेळता येतो, त्यामुळे घरात एकच बरा फोन असलेल्या कुटुंबाला तो पहिल्या दिवसापासून आपला वाटला. २०१३ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मूनफ्रॉगने पत्त्यांचा खेळ निवडला. पत्त्यात एका डावाचा निरोप काही बाइटांत जातो आणि नेटवर्क क्षणभर गेलं तरी खेळ मोडत नाही. २०१७ च्या जिओफोनमध्ये ५१२ एमबी रॅम होती, पडदा २४० बाय ३२०, स्पर्श नाही, फक्त कळा. स्मार्टफोनवर वाढलेल्या प्रोग्रामरांना त्यासाठी जावा काळातल्या लोकांकडे सल्ला मागायला जावं लागलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे त्या वेळच्या कन्सोलांमधल्या सगळ्यात अशक्त यंत्रावर. त्यातली कथा छायाबाहुल्यांच्या शैलीतल्या चित्रांतून उलगडते. हा निर्णय सौंदर्यदृष्टीचा तर आहेच, पण छोट्या चमूला आणि छोट्या यंत्राला पेलेल अशी भव्यता कशी आणायची, याचंही ते उत्तर आहे असं मी मानतो.

आजच हे पुस्तक का, याची कारणं यातच आली आहेत, एक सोडून. कोड लिहून देणारी साधनं आता प्रत्येकाच्या हातात आहेत. ती चालणारा कोड देतात. तो कोणत्या फोनवर, किती तापल्यावर, किती मेमरीत चालेल, हे मागणाऱ्याने विचारलं नाही तर बहुधा राहूनच जातं. विचारायचं काय हे कळायला यंत्राची ओळख हवी. ती ओळख आधीच्या पिढीला नाइलाजाने झाली. पुढच्या पिढीला ती ठरवून करून घ्यावी लागेल.

या संग्रहातले लेख प्रोग्रामरांनी, चित्रकारांनी आणि दोन ठिकाणी पोर्टिंगमधून बाहेर पडलेल्या लोकांनी लिहिले आहेत. त्यांचं आपसांत एकमत नाही आणि संपादकांनी ते घडवूनही आणलेलं नाही. एक लेखक मुद्दाम घातलेल्या कुंपणांना लुटुपुटूची गरिबी म्हणतो, तर दुसरी लेखिका त्याच कुंपणामुळे आपला पहिला गेम पूर्ण झाला असं सांगते. मी दुसरीच्या बाजूचा आहे, पण पहिल्याचा राग मला समजतो. कन्सोलच्या मोठ्या उद्योगाबद्दल, जुगाराच्या अंगाने जाणाऱ्या गेमांबद्दल आणि ई-स्पोर्ट्सबद्दल इथे काही नाही, आणि ते नसणं योग्य आहे. भाषा मराठी ठेवली आहे, पण 'फ्रेम', 'स्प्राइट', 'हीप' हे शब्द आमच्या कामात जसे बोलले जातात तसेच आले आहेत.

ज्यांना कोडशी देणंघेणं नाही त्यांनी माणसांच्या हकिगतींपासून सुरुवात करावी. त्या मधल्या भागात आहेत आणि एकेकट्या वाचता येतात. ज्यांना हात चालवायचे आहेत त्यांनी शेवटच्या भागातले नमुने समोर ठेवावेत. ते सगळे ४ जीबी रॅमच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर चालतात. प्रत्येक नमुन्याच्या वर त्याला किती मेमरी आणि एका फ्रेममागे किती मिलिसेकंद लागतात ते दिलं आहे, म्हणजे तुमच्या यंत्रावर येणारा आकडा त्याच्याशेजारी लिहून ठेवता येईल.